‘तो माझ्याकडे बघतच नाही’

“बाळ घरी आलं, वजन वाढतंय, सगळे खूश आहेत. मला मात्र त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही. माझ्यातच काही खोट आहे का?”

गरोदरपणात मोठं आजारपण काढलेल्या आया हे मला पुन्हा पुन्हा विचारतात. शब्द बदलतात. कुणी म्हणते, ‘जीव लागत नाही’, कुणी म्हणते, ‘दुसऱ्या कुणाचं बाळ सांभाळतेय असं वाटतं’. आजारही वेगवेगळे असतात. कुणाचं बीपी वाढलेलं, कुणाला डेंगी झालेला, कुणी सहा महिने सलाइनवर काढलेले. भीती मात्र एकच, की सुरुवातच बिघडली, आता नातं जुळायचं नाही. म्हणून एका आईबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि सहा भेटींतलं मोजकंच घेतलं आहे.

वय २९, बँकेत नोकरी, पहिलंच बाळंतपण. २९व्या आठवड्यात तपासणीला गेली तेव्हा बीपी १७०/११० भरलं, लघवीतून प्रथिनं जात होती. तिथूनच दाखल करून घेतलं. तीन आठवडे रुग्णालयात गेले. ३२व्या आठवड्यात डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तासाभरात सिझेरियन झालं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट चालू होतं. त्या दिवसातलं तिला एवढंच आठवतं, की अंगात निखारे ओतल्यासारखं गरम होत होतं. बाळ १३२० ग्रॅमचं. ते तिने तिसऱ्या दिवशी पाहिलं, काचेतून. पुढे ३१ दिवस ते नवजात अतिदक्षता विभागात होतं. डोहाळजेवणासाठी फॉल-पिको करून आणलेली हिरवी साडी कपाटात तशीच राहिली.

माझ्याकडे आली तेव्हा बाळ १२ आठवड्यांचं होतं. बाळाला सोबत घेऊनच या, असं मी पहिल्या फोनवरच सांगते. एकट्या आईशी बोलून अर्धंच काम होतं, जे बिनसलं आहे ते दोघांच्या मधल्या जागेत असतं आणि ती जागा डोळ्यांनी पाहावी लागते. त्या दिवशी बाळ आजीच्या कडेवर होतं. आईच्या खांद्याला पिशवी होती, तिच्यात वाटी-चमचा, थर्मास आणि एक दोनशेपानी वही.

“तो माझ्याकडे बघत नाही,” ती म्हणाली. “मी तोंड जवळ नेलं की मान फिरवतो. आजीकडे शांत राहतो. त्याला कळतं, मॅडम.”

“काय कळतं?”

“की माझ्यामुळे त्याला लवकर बाहेर यावं लागलं. बाकीच्या बायका सातव्या महिन्यात गर्भसंस्काराची स्तोत्रं ऐकतात. मी मॉनिटरची टीं टीं ऐकत पडून रडत होते. त्याच्यावर तेच संस्कार झाले असणार.”

ही अपराधी भावना आधी सोडवावी लागते आणि ती समजूत घालून सुटत नाही, नेमकी माहिती दिली तर सुटते. हा आजार प्रीएक्लॅम्प्सिया. तो ध्यानात येतो २० आठवड्यांनंतर, पण त्याची मुळं वार (प्लासेंटा, बाळाला पोसणारा अवयव) रुजत असतानाच पडलेली असतात. गर्भाशयातल्या बारीक धमन्या त्या काळात रुंद व्हायला हव्यात, त्या पुरेशा होत नाहीत. मग वारेला रक्त कमी पडतं, आणि त्यातून पुढे आईचं बीपी चढतं, बाळाची वाढ मंदावते. रडण्याने, चिडण्याने, स्तोत्रं न ऐकल्याने हा आजार होत नाही. यावर इलाज म्हणजे प्रसूतीच, म्हणून बाळाला लवकर बाहेर काढणं हाच त्या दोघांना वाचवण्याचा मार्ग होता. पुढच्या खेपेला डॉक्टर १६ आठवड्यांच्या आत कमी मात्रेचं ॲस्पिरिन सुरू करू शकतात, हेही मी सांगितलं. पुन्हा असंच होणार, ही धास्ती मनात असली की या बाळाकडेही मोकळेपणाने बघवत नाही.

पहिल्याच भेटीत बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची एडिंबरा प्रश्नावली भरून घेतली. १० प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दलचे, एकूण गुण ३०. १३ किंवा जास्त आले की मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. तिचे १७ आले. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा असतो, तिथे तिचं उत्तर ‘कधीच नाही’ होतं. त्या प्रश्नाचं उत्तर जरासं जरी होकाराकडे झुकलं, तरी बाकीचे गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासायला लावलं. हे पुष्कळदा राहून जातं. तिचं हिमोग्लोबिन ८.६ निघालं. एवढ्या कमी रक्तात कुणालाही जगणं जड वाटतं, त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणायचं कारण नाही. लोहाचं औषध सुरू झालं, मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध दिलं. ते आईच्या दुधातून फार थोडं उतरतं, त्यामुळे अंगावर पाजणं थांबवावं लागलं नाही. ‘गोळी चालू आहे, आता दूध बंद कर’ हा शेजारपाजारचा सल्ला ऐकून किती जणी गोळी तरी सोडतात नाहीतर पाजणं तरी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही सोडू नका.

दुसऱ्या भेटीत मी वही मागितली. तिने ती जरा ओशाळूनच दिली. पट्टीने आखलेले रकाने होते. वेळ, दूध किती मिली, शी-शू, आणि शेवटचा रकाना ‘श्वास’. रात्री दीड : ४४. दोन वाजून दहा : ४६. तीन : ४१. प्रत्येक वेळी मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून मोजलेले. एका रात्रीत चौदा नोंदी.

“हे कुणी सांगितलं होतं?”

“डॉक्टर म्हणाले होते, ६०च्या वर गेले तर या. म्हणून.”

“आणि हे काय? ‘उजव्या कुशीवर उचकी, डाव्या कुशीवर थांबते.’”

“ते माझ्या लक्षात आलं.”

“आजींना माहीत आहे?”

“नाही. कुणालाच नाही.”

“‘६० मिलीतले शेवटचे १५ पिताना दमतो, मध्ये थांबावं लागतं’, हे?”

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “हे तर नुसतं लक्ष ठेवणं आहे.”

इथे मी थांबले. मग तिला विचारलं, “ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही, त्याचे श्वास कुणी पहाटे तीनला मोजतं का?”

ती खूप वेळ रडली. आजी उठून तिच्याकडे यायला निघाल्या, त्यांना मी हाताने थांबवलं.

या कामात मला जे कळलं, ते मी अशा प्रत्येक आईला सांगते. तुमच्यात माया नाही असं नाही, भीतीने तिच्यावर झाकण घातलं आहे. महिनाभर रोज ‘आजची रात्र निघेल ना’ या धाकात काढलेलं मन जीव लावायला बिचकतं, कारण जीव लावला आणि गमावलं तर? मग ते पहारा देतं. पहारा देणाऱ्याला लाड करायला फुरसत नसते. म्हणून मी ‘बाळावर प्रेम करा’ असं कधीच सांगत नाही. आधी पहारा हलका करायचा.

तो आम्ही हिशोबाने हलका केला. बालरोगतज्ज्ञांकडून नीट समजून घेतलं, की तान्ह्या बाळाचे श्वास मिनिटाला ३० ते ६० असतात आणि ते शांत झोपेत, पूर्ण मिनिट मोजायचे. कमी दिवसांचं बाळ अधूनमधून ५-१० सेकंद थांबून पुन्हा श्वास घेतं, ते चालतं. २० सेकंद थांबलं, ओठ निळे पडले, छाती आत ओढली जाऊ लागली तर मात्र थेट रुग्णालयात जायचं. मग पहिला आठवडा रात्री फक्त चार वेळा मोजायचं, पुढचा आठवडा दोन वेळा, नंतर एकदा. एकदम बंद केलं तर धास्ती दुप्पट उसळते आणि आई दुसऱ्या दिवशी पुन्हा चौदावर येते. याच काळात रात्री ११ ते ३ बाळ आजीकडे दिलं, काढून ठेवलेल्या दुधासकट. सलग चार तास झोप हे बाळंतपणानंतरच्या नैराश्यात औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

आता ‘तो बघत नाही’ याबद्दल. ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ८ आठवडे लवकर आलेलं असतं. त्याचं वय मोजताना ते ८ आठवडे वजा करायचे. म्हणजे जन्मून १२ आठवडे झालेलं हे बाळ खऱ्या अर्थाने ४ आठवड्यांचं होतं. बाळ माणसाकडे बघून हसतं ते साधारण ६ ते ८ आठवड्यांना, म्हणजे याच्या बाबतीत जन्मानंतर १४ ते १६ आठवड्यांना. शेजारच्या तीन महिन्यांच्या बाळाशी तुलना करून ती रोज खचत होती, आणि ज्याची वेळच आली नव्हती त्याला नकार समजत होती. हे वजाबाकीचं गणित घरी पाठवताना प्रत्येक आईला कागदावर लिहून द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मान फिरवण्याचंही तसंच. अशा बाळाला चेहरा, आवाज, झुलवणं हे सगळं एका वेळी झेपत नाही. मान वळवणं, जांभई, उचकी, बोटं फाकवणं, हात तोंडापुढे धरणं, ही ‘जरा थांब’ म्हणण्याची त्याची भाषा आहे. तिच्या बाबतीत व्हायचं असं, की त्याने मान फिरवली की ती घाबरून आणखी जवळ जायची, मोठ्याने हाका मारायची, खुळखुळा वाजवायची. मग तो रडायचा आणि आजी उचलून घ्यायच्या. आजी त्याला घेऊन नुसत्या बसायच्या, काही बोलायच्या नाहीत. तो तिथे शांत राहायचा त्याचं कारण एवढंच.

माझ्यासमोर आम्ही करून पाहिलं. चेहरा २५ सेंटिमीटरवर, दिवा मागे, आवाज हळू. एका वेळी एकच गोष्ट, बोलायचं तर झुलवायचं नाही. त्याने मान फिरवली. “आता काही करू नका,” मी म्हटलं. ती श्वास रोखून बसली. मी मनात आकडे मोजत होते. सतरा झाले तेव्हा त्याने मान परत आणली आणि तिच्या कपाळाकडे, केसांच्या रेषेकडे बघत राहिला. “तो आला,” ती कुजबुजली. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० आणि ८०च्या दशकांत आई-बाळांच्या चित्रफिती बारकाईने पाहून जे मांडलं, ते हेच. निरोगी जोड्यांचेही सूर पुष्कळदा चुकतात, नातं घडतं ते चुकलेले सूर पुन्हा जुळण्यातून. जन्मानंतरचे पहिले तास हुकले की सगळं हुकलं, हा समज क्लाउस आणि केनेल या बालरोगतज्ज्ञांच्या मांडणीतून पसरला, आणि पुढे त्यांनीच तो दावा सौम्य केला. जवळीक आकार घेते महिन्यामहिन्यांनी.

घरी दिलेलं काम दोनच होतं. पहिलं, त्वचेला त्वचा. बाळाला उघड्या छातीशी धरण्याची ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली ती कमी वजनाच्या बाळांसाठी. हे बाळ आता ३.२ किलोचं झालं होतं, त्याला वैद्यकीय गरज उरली नव्हती. पण जवळ घेण्याला वजनाची अट नाही. बाळाला लंगोट आणि टोपडं एवढंच, उभं छातीवर, मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर म्हणजे नाक मोकळं राहतं, पाय बेडकासारखे. वरून जुन्या सुती साडीने बांधायचं. आईने पाठीला उशा घेऊन रेलायचं, आडवं झोपायचं नाही आणि डोळा लागत असेल तर बाळ दुसऱ्याकडे द्यायचं. एका वेळी किमान एक तास, कारण दहा मिनिटांत काढलं तर बाळ गाढ झोपेत जायच्या आतच उठतं. शनिवार-रविवारी नवरा यायचा, तेव्हा तो करायचा.

दुसरं, आंघोळीनंतरची पंधरा मिनिटं फक्त आईची. माळीश आजी करणार, आंघोळ आजी घालणार, पण पुसणं, पावडर न लावता कोरडं करणं, झबलं घालणं आईने. घरचे प्रेमापोटीच म्हणतात, ‘तू आराम कर, मी घेते बाळाला’, आणि आईच्या वाट्याला उरतात दूध काढणं आणि बाटल्या-वाट्या धुणं. मदत करायची तर वाट्या तुम्ही धुवा, बाळ तिला द्या. आणि ‘बाळ सुखरूप आहे ना, मग रडतेस कशाला’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. ‘फार घाबरली होतीस ना?’ एवढं पुरतं.

वहीत एक नवा रकानाही आखायला सांगितला, ‘आज त्याने काय दाखवलं’. चौथ्या भेटीला त्यात लिहिलं होतं, ‘मंगळवार, सकाळी ९.४०, टोपडं बांधताना हसला. आजीने पण पाहिलं.’ बाळ १५ आठवड्यांचं होतं.

एक गोष्ट सर्वांत हट्टी निघाली. बीपीचा पट्टा दंडावर आवळला की तिला दरदरून घाम फुटायचा. मायक्रोवेव्हची टीं ऐकून ती दचकायची, आणि घरच्यांना वाटायचं, चिडकी झाली आहे. त्यामुळे तिने तीन वेळा स्वतःची तपासणी चुकवली होती. हे फार धोक्याचं आहे. प्रीएक्लॅम्प्सिया प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंतही डोकं वर काढू शकतो आणि पुढच्या आयुष्यात उच्च रक्तदाबाचा धोका वाढवतो, म्हणून दर वर्षी बीपी पाहायलाच हवं. आम्ही पायरीने गेलो. आधी पट्टा नुसता मांडीवर, मग दंडावर सैल, मग बाळ शेजारी झोपलेलं असताना नवऱ्याने लावायचा.

हे सगळं सवडीने करायचं काम आहे. काही खुणांना मात्र सवड नसते. बाळ झोपलं तरी आईला दोन-तीन रात्री झोपच नाही, भलताच संशय, कानात आवाज, असंबद्ध बोलणं, किंवा ‘मी नसते तर बरं झालं असतं’ हे शब्द. यातलं काहीही दिसलं तर तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, दाखल व्हावं लागलं तरी तीन वर्षांखालच्या बाळाला आईपासून सहसा वेगळं करता येत नाही, हेही घरच्यांना माहीत असू द्या.

सहाव्या भेटीला बाळ तिच्या कडेवर होतं, पिशवी आजींच्या खांद्याला. एडिंबराचे गुण ८ आले. वहीतला ‘श्वास’ हा शब्द खोडून तिने वर ‘माझं बीपी’ लिहिलं होतं. खाली एकच नोंद होती, आदल्या दिवशीची, स्वतः पट्टा लावून घेतलेली. १२४/८२.