बेमुर्वत वार्ताहराची शिस्त

प्रश्न : माझा पुतण्या पुण्यातच पत्रकारितेचे शिक्षण घेतो. हंटर थॉम्प्सन या अमेरिकन पत्रकाराच्या लेखनाने तो इतका भारावला आहे की, महापालिकेच्या सभेची बातमीसुद्धा ‘रात्रीच्या जागरणाने माझे डोके ठणकत होते’ अशी सुरू करतो. मद्य, अमली पदार्थ आणि शिवराळ भाषा यांसाठी गाजलेल्या माणसाला पत्रकार म्हणावे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : अवश्य म्हणावे, मात्र त्याच्याकडून जे उचलू नये, नेमके तेच आपल्या पुतण्याने उचललेले दिसते. थॉम्प्सनने स्वतःला लेखाच्या मध्यभागी आणले ते १९७० च्या केंटकी डर्बीवर लिहिताना. घोड्यांची ही प्रतिष्ठेची शर्यत त्याच्याच जन्मगावची, लुईव्हिलची. चित्रकार राल्फ स्टेडमनला सोबत घेऊन तो गेला खरा, पण त्याचे लक्ष घोड्यांपेक्षा दारूच्या अमलाखाली सैलावत जाणाऱ्या प्रतिष्ठितांच्या चेहऱ्यांवर होते, आणि ज्या भेसूर चेहऱ्याच्या शोधात तो हिंडत होता तो अखेरीस त्याला आरशात सापडला. ज्या समाजाच्या हावरेपणाची टिंगल करायची त्यातून त्याने स्वतःला वगळले नाही, म्हणून तिथला ‘मी’ खटकत नाही. पुतण्याच्या डोकेदुखीचा पालिकेच्या अंदाजपत्रकाशी असा काही संबंध असेल, तर ती खुशाल पहिल्या वाक्यात यावी.

त्याच वर्षी कोलोरॅडोत तो शेरीफच्या, म्हणजे तिथल्या निवडून येणाऱ्या पोलीसप्रमुखाच्या, पदासाठी उभा राहिला. अ‍ॅस्पेनचे रस्ते उखडून तिथे हिरवळ लावू आणि गावाचे नाव ‘फॅट सिटी’ ठेवू, म्हणजे त्या नावावर जमिनी विकणाऱ्यांची पंचाईत होईल, असे त्याचे जाहीर आश्वासन होते. प्रतिस्पर्ध्याचे केस बारीक कापलेले, म्हणून याने स्वतःचा चकोट केला आणि ‘माझे लांब केसांचे प्रतिस्पर्धी’ असा त्यांचा उल्लेख सुरू केला. तो हरला. (वेताळ टेकडीच्या परिसरात असा उमेदवार उभा राहिला असता, तर त्याला निदान माझे मत पडले असते.)

१९७२ ची अध्यक्षीय निवडणूक ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकासाठी टिपताना त्याला एक मोठी मोकळीक होती : पुढेही याच पुढाऱ्यांच्या दारात उभे राहून बातम्या मिळवायच्या आहेत, ही चिंता त्याला नव्हती. त्यामुळे इतर वार्ताहर जे आपापसांत बोलत ते तो छापत असे. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याविषयीची आपुलकी त्याने लपवली नाही आणि त्यांच्या प्रचारातील घोडचुकांवर पांघरूणही घातले नाही. मॅकगव्हर्न यांच्याच गोटातील फ्रँक मॅन्किविक्झ यांनी हे वृत्तांकन सर्वांत कमी तथ्यांचे, तरीही सर्वांत अचूक असल्याचा निर्वाळा दिला.

हा निर्वाळा मला पूर्णपणे मान्य नाही. त्याच पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत असलेले सिनेटर मस्की हे आयबोगेन नावाचे अमली द्रव्य घेत असल्याची अफवा आहे, असे थॉम्प्सनने लिहिले. ती अफवा आपणच उठवली होती, असे त्याने नंतर हसत सांगितले. आचार्य अत्रे ‘मराठा’तून विरोधकांना सोलून काढत, तेव्हा अतिशयोक्ती कुठे सुरू झाली हे वाचकाला कळत असे. ते कळत नसेल, तर ती सरळसरळ थाप होय.

व्यसनांचे कौतुक करण्याचे कारण नाही. १९७४ मध्ये अली-फोरमन मुष्टियुद्धाच्या लढतीसाठी तो किन्शासापर्यंत गेला, लढतीच्या वेळी हॉटेलच्या तलावात डुंबत राहिला आणि लेख काही झालाच नाही.

पुतण्याला १९७२ च्या, मॅकगव्हर्न यांची उमेदवारी ठरवणाऱ्या, पक्षाच्या मायामी अधिवेशनाचा भाग वाचायला द्या. साउथ कॅरोलिनाच्या प्रतिनिधींविषयीचे मतदान मॅकगव्हर्न यांच्या माणसांनी डावपेच म्हणून मुद्दाम हरले, हे त्या रात्री दूरचित्रवाणीवरील जाणत्यांच्याही ध्यानात आले नव्हते. थॉम्प्सनने मतांचा हिशेब ठेवणाऱ्यांनाच गाठून ती चाल टप्प्याटप्प्याने उलगडली. सभागृहात एखादी उपसूचना ऐनवेळी मागे का घेतली गेली, हेही असेच चार माणसांना गाठून काढता येते, आणि त्यासाठी जागरण करावे लागले तर हरकत नाही.