बोन स्कॅननंतर आईला घरातील लहान नातवापासून वेगळे ठेवावे लागते का?

नाही, आईंना वेगळ्या खोलीत ठेवण्याची गरज नसते; फक्त स्कॅनच्या दिवशी नातवाला फार वेळ मांडीवर किंवा कुशीत घेणे टाळावे आणि दुसऱ्या दिवसापासून नेहमीप्रमाणे वागावे. हाडांच्या या तपासणीत शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधातील टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याचा अर्धायुकाल (किरणोत्सारिता निम्मी होण्यास लागणारा वेळ) सुमारे ६ तासांचा असल्यामुळे २४ तासांत त्याची किरणोत्सारिता मूळच्या सोळाव्या हिश्शावर येते, आणि शरीरात प्रत्यक्षात त्याहूनही कमी उरते, कारण हाडांनी न घेतलेला बराचसा भाग लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणूनच इंजेक्शननंतर भरपूर पाणी पिऊन वारंवार लघवीला जाण्यास आणि त्यानंतर हात साबणाने नीट धुण्यास सांगतात. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर ते केंद्रात आधीच कळवावे. प्रतिमा साधारणपणे इंजेक्शननंतर ३ तासांनी घेतात आणि या तपासणीसाठी सहसा उपाशी राहावे लागत नाही, त्यामुळे वयस्कर माणसाला त्या दिवशी विनाकारण उपाशी ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मात्र हे सर्व टेक्नेशियम वापरून केलेल्या स्कॅनपुरतेच आहे: थायरॉइडच्या उपचारासाठी आयोडीन-१३१ दिले असल्यास त्याचा अर्धायुकाल सुमारे ८ दिवसांचा असतो, तेथे मुलांपासून आणि गर्भवतींपासून दूर राहण्याचे नियम खरोखरच कडक असतात आणि रुग्णालयाने लिहून दिलेली मुदत पूर्ण पाळावी लागते.