क्रूझच्या केबिनमध्ये अमेरिकन हेअर ड्रायर, स्ट्रेटनर आणि आपल्याकडचा कर्लर चालतील का?

बार्सिलोनाहून सुटणाऱ्या भूमध्य समुद्रातील क्रूझवर आपली मुलगी तीन वस्तू नेणार आहे : न्यू जर्सीच्या मावशीने दिलेले हेअर ड्रायर आणि स्ट्रेटनर, आणि बडोद्यात घेतलेला कर्लर. या तिन्हींसाठी एक युनिव्हर्सल अ‍ॅडॅप्टर पुरेल का, असे आपण विचारले आहे. मी बडोद्यातच घरगुती विद्युत उपकरणे दुरुस्त करतो, आणि अमेरिकेत नातेवाईक नाहीत असे घर आपल्या शहरात शोधावे लागत असल्यामुळे तिकडून आलेली, इथल्या भिंतीत लावताच जळालेली यंत्रे माझ्याकडे नेहमीच येतात.

अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. म्हणून आधी प्रत्येक वस्तूच्या मुठीवर किंवा प्लगवर बारीक अक्षरांत छापलेला मजकूर वाचावा. तेथे '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे असेल तर ती वस्तू जगात कुठेही चालेल, केवळ पिन जुळली पाहिजे. 'फक्त १२० व्होल्ट' असे असेल तर २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये ती साडेतीन ते चार पट वीज खेचते आणि काही क्षणांत जळते, कारण तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. याच हिशेबाने आपल्याकडचा २३० व्होल्टचा, बाराशे वॅटचा ड्रायर ११० व्होल्टवर जेमतेम पावणेतीनशे वॅट देतो; तो जळत नाही, पण त्याने केसही वाळत नाहीत. काही ड्रायरांवर नाण्याने फिरवण्याचा ११०/२२० असा खटका असतो, तो मात्र प्रत्येक वेळी पाहूनच प्लग लावावा.

बहुतेक मोठ्या जहाजांच्या केबिनमध्ये टेबलाजवळ दोन प्रकारची सॉकेट असतात : ११० व्होल्टचे चपट्या पिनांचे अमेरिकन आणि २२० व्होल्टचे दोन गोल पिनांचे युरोपीय. त्यामुळे मावशीचा स्ट्रेटनर फक्त १२० व्होल्टचा असला तरी अमेरिकन सॉकेटमध्ये अ‍ॅडॅप्टरशिवाय चालेल. आपला कर्लर, त्याला बारीक दोन पिनांचा प्लग असल्यास, युरोपीय सॉकेटमध्ये बसेल. जाड पिनांचा आपला थ्री-पिन प्लग तिथे शिरत नाही, त्याला मात्र अ‍ॅडॅप्टर लागेल. जहाजावर वीज बहुधा ६० हर्ट्झची असते, पण तापण्याच्या कामात त्याने काही बिघडत नाही. बाथरूममध्ये दाढीच्या यंत्रासाठी असलेले सॉकेट अगदी कमी शक्तीचे असते, त्यात यांपैकी काहीही लावू नये.

ड्रायर नेऊच नये, असे माझे मत आहे. अमेरिकन ड्रायर बहुधा १८७५ वॅटचा असतो, म्हणजे १२० व्होल्टवर जवळजवळ सोळा अँपिअर, आणि इतका भार केबिनच्या सॉकेटवर टाकला तर एमसीबी पडण्याची शक्यता असते. केबिनमध्ये बहुधा ड्रायर असतोच. स्ट्रेटनर आणि कर्लरला तीस-चाळीस ते शंभर-दीडशे वॅट पुरतात, त्यामुळे त्यांची चिंता नाही. आपोआप बंद होण्याची सोय असलेले नेले तर अधिक बरे. कपड्यांची इस्त्री मात्र बहुतेक जहाजांवर निषिद्ध असते, म्हणून आपल्या कंपनीची निषिद्ध वस्तूंची यादी एकदा वाचून घ्यावी.

आपण विचारलेले नाही, पण सर्वांत महत्त्वाचे सांगतो : तिन्ही वस्तू एकत्र लावण्यासाठी घरातला स्पाइक गार्ड, म्हणजे व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारा एक्स्टेन्शन बोर्ड, बॅगेत टाकू नका. जमिनीवर न्यूट्रलची तार अर्थशी जोडलेली असते. जहाजावर मात्र वायरिंग बहुधा पोलादी सांगाड्यापासून अलग ठेवतात, जेणेकरून एखादी तार सांगाड्याला लागली तरी महत्त्वाची यंत्रे बंद पडू नयेत. त्यामुळे तेथे दोन्ही तारांत सांगाड्याच्या तुलनेत व्होल्टेज असते. जमिनीवरच्या रचनेसाठी बनवलेल्या स्पाइक गार्डमधील संरक्षक घटक अशा वेळी तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याविषयी सूचना काढली होती, आणि तपासणीत सापडलेला स्पाइक गार्ड जहाजावर काढून घेतला जातो. साधा एक्स्टेन्शन बोर्डही अनेक कंपन्या चालू देत नाहीत. दोन वस्तू आळीपाळीने वापरणे हाच त्यावर उपाय आहे.

राहिले बार्सिलोनाचे हॉटेल. स्पेनमध्ये आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज असल्यामुळे बडोद्याचा कर्लर तेथे व्यवस्थित चालेल. मावशीच्या स्ट्रेटनरवर फक्त १२० असेल, तर त्या रात्री तो बॅगेतच राहू द्यावा. बाजारातले हलके कन्व्हर्टर साध्या तापणाऱ्या तारेसाठी असतात, तापमान दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्ट्रेटनरला ते मानवत नाहीत, आणि खरा ट्रान्सफॉर्मर नेण्याइतकी बॅगेच्या वजनाची मुभा कोणाकडेच नसते.