कंपनीचा विमा असताना स्वतःचा मेडिक्लेम कशाला?

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेली दोन्ही कोटेशनं नीट पाहिली. तुझ्या १० लाखांच्या मेडिक्लेमला वर्षाला ९,५०० आणि आई-बाबांच्या ५ लाखांच्या पॉलिसीला ४८,०००. कंपनीने तुम्हा तिघांचा मिळून ३ लाखांचा विमा काढलेला असताना हा खर्च कशाला, आणि क्लेमच आला नाही तर पैसे वाया गेले ना, असं तू विचारलंस.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तापाचं, दाताचं, रक्ततपासणीचं बिल पगारातून भागतं. भागत नाही ते एका दमात अंगावर येणारं चार-पाच लाखांचं बिल, आणि विमा त्यासाठीच घ्यायचा. म्हणून ओपीडी, जिमचे पॉइंट, मोफत तपासण्या यांच्यासाठी जादा हप्ता देऊ नकोस. त्या रकमा तू स्वतः सोसू शकतेस.

आता कंपनीचा विमा. तो सोडू नकोस. त्यात बाबांचा मधुमेह पहिल्या दिवसापासून धरलेला आहे, हा फार मोठा फायदा आहे. पण नोकरी सुटली की तोही सुटतो. आणि ३ लाखांच्या आकड्यापेक्षा त्यातली एक अट जास्त महत्त्वाची आहे: खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. समजा पुण्यात ऑपरेशनसाठी बाबांना ६,००० च्या खोलीत पाच दिवस ठेवलं. खोलीचे ३०,०००, सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १,२०,०००, औषधं आणि तपासण्या ६०,०००, ग्लोव्हज, मास्क वगैरे १०,०००. एकूण २,२०,०००. खोली हक्काच्या दुप्पट भाड्याची, म्हणून खोलीचे निम्मे म्हणजे १५,००० मिळतील आणि सर्जन-थिएटरच्या रकमेतूनही निम्मेच, ६०,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, त्यामुळे ते ६०,००० पूर्ण मिळतील. ग्लोव्हजचे काहीच नाहीत. हातात १,३५,००० पडतात आणि ८५,००० खिशातून जातात. लोकांना वाटतं, खोलीच्या भाड्यातला फरक तेवढा भरावा लागेल. घोटाळा तिथेच होतो. म्हणून अॅडमिशनच्या वेळी आधी हक्काची खोली मागायची, आणि नवीन पॉलिसी घेताना खोलीभाड्याला मर्यादा नसलेली किंवा निदान 'सिंगल प्रायव्हेट रूम' लिहिलेली घ्यायची.

तुझी पॉलिसी घेऊन टाक. प्रकृती ठणठणीत असताना प्रतीक्षाकाळ (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक आजारांचे पैसे मिळत नाहीत तो काळ) संपून जातो, हाच त्यातला खरा लाभ. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं अशा यादीतल्या उपचारांना बहुतेक पॉलिसींत २४ महिने थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजाराला आता जास्तीत जास्त ३६ महिने. पूर्वी ४८ होते, एप्रिल २०२४ पासून नियम बदलला. मात्र ९,५०० हा आकडा कायमचा समजू नकोस. वय वाढेल तसा हप्ता चढतो, शिवाय उपचार महागले म्हणून विमा कंपन्या सगळ्यांचाच दर वाढवतात. पुढे हप्ता झेपेना म्हणून पॉलिसी तुटली तर आधीची वर्षं फुकट जातात. तेव्हा आज ओढाताण करून मोठी पॉलिसी घेण्यापेक्षा दहा वर्षं भरता येईल अशी घे.

आई-बाबांना तुझ्याच फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराला मिळून असलेल्या एकाच पॉलिसीत, घालू नकोस. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, आणि रक्कमही सगळ्यांत वाटली जाते. त्यांची पॉलिसी वेगळी हवी.

४८,००० चा विचार मात्र थांबून करायला हवा. पहिली तीन वर्षं मधुमेह आणि त्यातून उद्भवणारं काही मिळणार नाही, आणि तोवर १,४४,००० भरून झालेले असतील. त्या काळात डेंग्यू, अपघात, पित्ताशयाचा खडा (त्याचा प्रतीक्षाकाळ संपल्यावर) हे मिळेल. तेवढ्यासाठी एवढे पैसे, असं वाटणं साहजिक आहे. पण तेच ४८,००० बाजूला टाकलेस तर पाच वर्षांत २,४०,००० जमतात, आणि एखादी बायपास किंवा आयसीयूतला लांबलेला मुक्काम तेवढे सहज गिळतो. माझं मत: घ्यावी. ५ लाखांच्या या पॉलिसीवर ५ लाख डिडक्टिबलची सुपर टॉप-अप जोड, म्हणजे बिलातले पहिले ५ लाख (तेच डिडक्टिबल) सोडून वरची रक्कम देणारी जादा पॉलिसी. ती तुलनेने स्वस्त पडते. नुसती टॉप-अप नको. वर्षात ४ लाखांची दोन अॅडमिशनं झाली तर टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजते आणि काहीच देत नाही. सुपर टॉप-अप दोन्हींची बेरीज ८ लाख धरून वरचे ३ लाख देते. सुपर टॉप-अपचेही प्रतीक्षाकाळ असतात, म्हणून तीही आत्ताच.

एजंटने २० टक्के को-पेची, म्हणजे प्रत्येक बिलातले २० टक्के आपण भरायचे अशी, ४१,००० ची पॉलिसी सुचवली आहे, ती घेऊ नकोस. वर्षाला ७,००० वाचतात, पण ५ लाखांच्या एका बिलात १ लाख तुझ्या अंगावर येतो. तो भरून निघायला १४ वर्षं लागतील.

राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा विचारही करून ठेव. तिच्यात आता महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना, रेशनकार्डाचा रंग कोणताही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ते यादीतल्याच उपचारांना आणि योजनेतल्याच रुग्णालयांत. गावाजवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते आजच शोधून ठेव. तिथला आरोग्यमित्र कागदपत्रांचं सांगतो. ही योजना असली तरी स्वतःची पॉलिसी हवीच, कारण ऐन वेळी ज्या रुग्णालयात नेलं ते योजनेत असेलच असं नाही.

प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसीसाठीचा अर्ज, स्वतः भर. 'शुगर गोळीवर कंट्रोलमध्ये आहे, लिहायची गरज नाही' असं कुणी सांगितलं तरी लिही. मधुमेह, बीपी, आधीची ऑपरेशनं, चालू गोळ्या, तंबाखू, सगळं. हप्ता वाढेल, कदाचित नकारही येईल. पण लपवलेला आजार क्लेमच्या वेळी हमखास बाहेर येतो आणि तेव्हा पॉलिसीच रद्द होऊ शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालली की लबाडी सिद्ध झाल्याशिवाय विमा कंपनीला माहिती लपवल्याचं कारण काढता येत नाही. तोवर सांभाळायचं.

याचीच दुसरी बाजू रुग्णालयात असते. इमर्जन्सीत डॉक्टर विचारतात, शुगर किती वर्षं? घाबरलेला नातेवाईक ठोकून देतो, 'दहा-बारा वर्षं असेल.' ते केसपेपरवर चढतं, तिथून डिस्चार्ज कार्डावर जातं आणि फॉर्मवर लिहिलेल्या सहा वर्षांशी जुळत नाही. म्हणून बाबांचं निदान झालं तेव्हाची पहिली चिठ्ठी आणि रिपोर्ट फाइलमध्ये ठेव, त्यांचा फोटो आईच्या मोबाइलमध्येही. ठरलेलं ऑपरेशन असेल तर साधारण ४८ तास आधी आणि इमर्जन्सीत २४ तासांच्या आत विमा कंपनीला कळवायचं. कॅशलेसच्या (बिल कंपनीने थेट रुग्णालयाला द्यायच्या) विनंतीवर कंपनीने तासाभरात आणि डिस्चार्जच्या बिलावर तीन तासांत उत्तर द्यायचं असा नियम आहे. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम बुडाला असं नाही. मूळ बिलं, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवून नंतर मागता येतो. तरीही नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार कर. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत, फी लागत नाही.

कराचा मुद्दा छोटा आहे. आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची प्राप्तिकर वजावट (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डी) जुन्या करप्रणालीतच मिळते. तू नवी निवडली असशील तर ती गणितात धरू नकोस. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेव्हा कोटेशनमध्ये १८ टक्के दिसले तर विचार.

पॉलिसी हातात आली की सोबतचं ग्राहक माहितीपत्रक आधी वाच: खोलीभाडं, को-पे, प्रतीक्षाकाळ, उपचारांच्या उपमर्यादा (एकेका उपचाराला ठरवलेली कमाल रक्कम). पटलं नाही तर ३० दिवसांत परत करता येते. पैसे भरण्याआधी बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि भरलेला फॉर्म मला पाठव, एकदा ताडून पाहतो.

तुझा,
काका