दौलतजादा : यातला ‘जादा’ कोणता?

प्रश्न इंदुरातूनच आला आहे. एका मंडळाच्या व्याख्यानात वक्त्यांनी बड्या उद्योगपतींच्या आणि सिनेनटांच्या मुलांना ‘आजचे दौलतजादे’ म्हटले. हे बरोबर का? आणि जोडून दुसरा प्रश्न : कर्तबगार माणूस गेल्यावर मागे उरते त्याला ‘दौलत’ म्हणावे की ‘वारसा’?

पहिल्याचे उत्तर ‘नाही’. हे ‘दौलतजादे’ हल्ली सभासभांतून ऐकू येतात, आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी खानदानी उर्दू फेकल्याचे समाधान असते. दौलतजादा हा माणूस नव्हे. तो तमाशाच्या बोर्डावरचा, म्हणजे रंगमंचावरचा, व्यवहार आहे. रसिक पैसे दाखवतो, नाचणारी पुढे येऊन ते घेते, देणाऱ्याचे नाव पुकारले जाते, आणि पुढची लावणी त्याच्या फर्माइशीची होते. ‘दौलतजादा केला’ असे म्हणतात. आता ‘शहाजादा केला’ असे कोणी म्हणेल का?

घोटाळा ‘जादा’त आहे. फारसीत ‘ज़ादा’ म्हणजे जन्मलेला. त्यातून शहाजादा आला, हरामजादाही आला. आपला ‘जादा’ दुसरा. तो अरबी ‘ज़ियादा’, म्हणजे अधिक, एस.टी.ची जादा गाडी असते त्यातला. ‘दौलत जादा’ हा मुळात आशीर्वाद आहे : तुमची दौलत वाढो! ‘इज़्ज़त ज़ियाद’ असे इराणात आजही निरोप घेताना म्हणतात, घडण तीच. पुण्याचे एक व्युत्पत्तिप्रेमी गृहस्थ मात्र ‘दौलतीचा पुत्र तो दौलतजादा, तो उधळतो म्हणून उधळण्यालाही तेच नाव’ असे ठासून सांगत असतात. त्यांना माझे साधे विचारणे आहे. शहाजाद्याची शहाजादी होते, हरामजाद्याची हरामजादी होते. मग दौलतजादी कुठे आहे? श्रीमंतांना मुली होत नव्हत्या की काय? आणि बाप मेल्यावर हाती आलेला पैसा उधळणाऱ्याइतकाच, स्वतः कमावलेला पैसा बोर्डावर ठेवणारा गुळाचा व्यापारीही दौलतजादाच करतो. त्यात पुत्र कुठून आला? शब्दाचा अर्थ आधी मनात ठरवायचा आणि मग प्रत्ययाला कामाला लावायचे, ही सवय वाईट.

पण हा आशीर्वाद नेमके काय वाढण्याचा? खरी गंमत इथे आहे. अरबीत ‘दौला’चा धातू फिरण्याचा, पालटण्याचा. दौला म्हणजे पाळी. इ.स. ७५० मध्ये उमय्यांना हटवून अब्बासी गादीवर आले आणि त्यांची सत्ता ‘दौला’ म्हणवली जाऊ लागली : आता पाळी यांची. पुढे पाळीची राजवट झाली, राजवटीचे राज्य झाले. तुर्कीत ‘देवलेत’ म्हणजे आजही राज्यसंस्था, इराणात ‘दौलत’ म्हणजे सरकार. पैशाचा अर्थ फिरण्यातूनच निघतो. संपत्ती फक्त धनवंतांतच फिरत राहू नये, अशा आशयाच्या कुराणातल्या आयतीत याच धातूचा ‘दूला’ हा शब्द आहे. म्हणजे दौलत ही मुळातच न थांबणारी. देशातल्या अतिश्रीमंतांच्या याद्या छापून येतात आणि पुढच्या वर्षी त्यातला तिसरा अकरावा होतो, ती दौलतीची अगदी व्युत्पत्तिशुद्ध वागणूक म्हणायची.

मराठीने यातला राज्याचा अर्थ चांगला दीडशे वर्षे वापरला. पेशवाईतल्या पत्रांत ‘शिंद्यांची दौलत’, ‘होळकरांची दौलत’ येते तेव्हा कोणी नाणी मोजत नसते. ग्वाल्हेरकडचे दौलतराव घ्या. १७९४ मध्ये महादजींच्या मागे आयती दौलत हाती आली आणि नऊ वर्षांनी, १८०३ मध्ये, असई आणि लासवारीला हरून दिल्ली-आग्रा गेले. नाव ठेवणाऱ्याला अरबी येत असती तर त्याने बारशालाच हात आखडता घेतला असता. (ग्वाल्हेरकरांनी रागावू नये. त्यांच्याकडे ‘श्रीमंत’ म्हणजेही पैसेवाला नव्हे, घराण्याचा मान आहे; शब्दाची चाड त्यांना आहे.)

‘दौलत म्हणजे शेवटी पैसाच’ म्हणणाऱ्यांसाठी आमच्या होळकरांचा दाखला पुरेसा आहे. होळकरशाहीत दोन खाती होती, दौलत आणि खासगी. दौलत म्हणजे राज्य : फौज, वसुली, कारभार. खासगी म्हणजे राणीच्या मालकीचे वेगळे उत्पन्न. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना ती जहागीर मिळाली आणि पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. म्हणजे इथे जो घरचा पैसा, तोच नेमका दौलत नव्हता! आणि अहिल्याबाईंचे नाव ज्यावर आज देशभर घेतले जाते, ते काशी विश्वनाथ, गया, सोमनाथ, ठिकठिकाणचे घाट आणि धर्मशाळा, हा दानधर्म खासगीतून झाला. दौलतीचे काय झाले? डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला लढाई हरली, जानेवारीत मंदसोरचा तह झाला, १९४८ मध्ये उरलेसुरले मध्य भारतात विलीन झाले. पाळी संपली.

आता माझा तर्क, आणि तो मी सोडणार नाही. ‘दौलत जादा’ ही ललकारी आधी दरबारातली असावी. गाणाऱ्याने सरकारांपुढे म्हणायचे, तुमचे राज्य वाढो. १८१८ नंतर वाढवायला राज्ये उरली नाहीत. कलावंत मात्र उरले, आणि त्यांना पोसणारे बदलले : सरदाराच्या जागी सावकार, सावकाराच्या जागी अडत्या. ललकारी तीच राहिली. पण अडत्याचे कसले राज्य? म्हणून दौलतीचा अर्थ त्याच्या मुठीतल्या नाण्याएवढा झाला, आणि हळूहळू ते नाणे देण्यालाच दौलतजादा म्हणू लागले. ‘एवढ्याशा शब्दात सगळा इतिहास कोंबता’ असे मला सुनावले गेले आहे. कोंबतो. शब्दात नाही कोंबायचा तर कुठे?

आता दुसरा प्रश्न. कर्तबगार माणसामागे उरते ते त्याचे नाव, म्हणजे लौकिक, आणि त्याची गोष्ट दौलतीहून वेगळी. इंदूरच्या कांच मंदिराकडे बघा. सर सेठ हुकुमचंदांच्या गिरण्यांचे भोंगे बंद होऊन जमाना झाला. नव्या पोराला ते कोण विचारा, तो मंदिर दाखवतो. क्रिकेटपटू सी. के. नायडूंना महाराज तुकोजीराव होळकरांनी १९२३ मध्ये इंदुरास बोलावून फौजेत कॅप्टन केले. १९३२ मध्ये लॉर्ड्‌सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे ते कर्णधार झाले, आणि त्यांच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चारदा रणजी करंडक जिंकला. त्यातले दोन करंडक संस्थान विलीन झाल्यावरचे आहेत! दौलत गेली तरी होळकर हे नाव फलंदाजीला येतच होते. म्हणून नायडूंच्या नावापुढे ‘दौलत’ लिहाल तर हसे होईल. तिथे लौकिकच हवा. त्यातही हिंदीच्या शेजारामुळे आपल्याकडे गडबड होते. हिंदीत ‘लौकिक’ म्हणजे ऐहिक, आणि इंदूरची मुले मराठी नाव-लौकिकातही तोच अर्थ वाचतात. मराठीने त्याचे नाम केले : लोकांत असलेले नाव. त्या नामासाठी मला मराठीचा अभिमान आहे.

वारसा राहिलाच. वारस, वारसा, विरासत, मिरास, सगळे एकाच अरबी धातूचे. गावचा मिरासदार त्यातला आणि उत्तरेकडचे मिरासी गवईही त्यातलेच. एकाकडे पिढीजात जमीन, दुसऱ्याकडे पिढीजात गाणे. तेव्हा थोर माणसामागे जे उरते आणि दुसरा कोणीतरी पुढे चालवतो, त्याला वारसा खुशाल म्हणा. फक्त ‘वारसा सोडून गेले’ लिहू नका, ते ‘विरासत छोड़ गए’चे चालते-बोलते भाषांतर आहे. मराठीत वारसा मिळतो, लाभतो, सांगतात, चालवतात. माणूस मागे ठेवतो ते काम, मुले आणि कर्ज.

आणि वक्त्यांना निरोप : त्या मुलांना धनिकपुत्र म्हणा, बड्या बापाचे बेटे म्हणा. पुण्याच्या गृहस्थांनी ‘दौलतजादी’चा एक जरी जुना, छापील दाखला आणला, तर सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट माझ्याकडून. थंडीत यावे, गराडू तेव्हाच मिळतात.