घराआधी शाळेचा रस्ता बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पुणं सोडून सोलापुरात परत येतेयस, तुझी नोकरी चिंचोळी एमआयडीसीत, जावईबापूंची बँक नवी पेठेत, लेक जूनमध्ये पहिलीला, आणि सासूबाई कर्नाटकातल्या इंडीकडच्या, त्यांना कानडी बोलायला माणूस लागतं. एवढं सगळं सांगून शेवटी विचारलंस, "बाई, कुठल्या भागात घर घेऊ?"

यंदा घेऊ नकोस. एक वर्ष भाड्यानं राहा. गावाबाहेरच्या नव्या वसाहतींची चारही ऋतूंत वेगवेगळी तऱ्हा असते. दिवाळीत बघितलेलं घर मे महिन्यात आवडेलच असं नाही.

आता शोधायला सुरुवात कुठून करायची ते सांगते. तुला कंपनीची बस मिळेल, जावयांकडे गाडी आहे. घरात ज्यांच्या हाताशी वाहन नाही अशा दोघी आहेत, तुझी लेक आणि तुझ्या सासूबाई. त्या दोघींचा रोजचा रस्ता आधी ठरव, तुम्ही दोघं आपापली सोय लावालच. म्हणजे पहिल्यांदा शाळा, मग शाळेपासून चालत जाता येईल एवढ्यात घर, आणि तुमच्या कामाचं अंतर त्यानंतर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. मग पहिलीतलं पोर सकाळी रिक्षात आठ-दहा पोरांच्या मांडीला मांडी लावून, दप्तर बाहेर लटकवून अर्धं गाव फिरून शाळेत पोचतं. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते खरी, पण सुटून घरी यायची वेळ भर उन्हाची, आणि पारा चाळिशीच्या वर. ती रिक्षा लांबच्या घरांना शेवटी सोडते, हे विसरू नकोस.

तुझं दुसरं म्हणणं, लेक सगळ्या तऱ्हेच्या माणसांत वाढावी. फार चांगलं. पण यात सोलापूर जरा फसवं आहे. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांचं गाव म्हणून आपण कौतुकानं सांगतो, आणि ते खरंही आहे. पण या भाषा पेठापेठांत वाटल्या गेल्यात. 1877 साली जुनी मिल उभी राहिली, पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या, हातमाग वाढले, तेलंगणातून विणकर आले आणि पूर्व भागात स्थिरावले. जो तो आपल्या माणसांच्या शेजारी राहिला. त्यात वावगं काही नव्हतं, परक्या गावात आधार तिथेच मिळतो. 1992 ला महापालिकेची हद्द वाढली, आजूबाजूची गावं शहरात आली, आणि त्या हद्दवाढ भागात मात्र प्लॉट पडेल तसा माणूस आला. रेल्वेतला, पोलीस खात्यातला, शिक्षक, अक्कलकोटकडचा कानडी शेतकरी ज्यानं पोरांच्या शिक्षणासाठी घर बांधलं, पूर्व भागातल्या मागवाल्याचा इंजिनिअर झालेला मुलगा. खरी सरमिसळ बघायची तर जुळे सोलापूर, सैफुल, शेळगी, बाळे असल्या भागांत बघ.

तिथेही डोळे झाकून जाऊ नकोस. एजंटनं किंवा घरमालकानं भाड्याच्या आधी आडनाव विचारलं, "व्हेज का नॉनव्हेज?" विचारलं, तर तुझं आडनाव त्यांच्या चाळणीतून सुटणारं असलं तरी चहा पिऊन उठ. अशा गल्लीत तुझ्या लेकीला कोण भेटणार आहे? उलट खूण बघायची तर संध्याकाळी सहाच्या सुमाराला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर थोडा वेळ उभी राहा. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी कानडीत आणि उधारीवाल्याशी हिंदीत बोलत असेल आणि मागं रस्त्यावर पोरं एकाच बॅटवरून भांडत असतील, तर त्या गल्लीत खोली बघायला हरकत नाही. सासूबाईंची सोयही तिथंच कळेल.

याच्याही पुढची अडचण कुणी सांगत नाही. गल्ली मिश्र असून भागत नाही, कारण शाळा पोरांना वेगळं करते. आपल्याकडे महापालिकेच्याच शाळा मराठी, उर्दू, कानडी, तेलुगू अशा चार माध्यमांच्या. रात्री एका ओट्यावर गप्पा मारणारी चार पोरं सकाळी चार दिशांना जातात. मातृभाषेतून शिकण्याला माझा विरोध असायचं कारणच नाही, जन्मभर मराठी माध्यमात शिकवलंय. पण तुझ्या घरात दोन भाषा आहेत आणि तुला लेकीच्या वर्गात सगळी पोरं हवी आहेत, तर मराठी माध्यमाची सेमी इंग्रजी तुकडी असलेली जुनी अनुदानित शाळा आधी बघ. फी झेपणारी असते, त्यामुळे भाजीवाल्याचं आणि डॉक्टरचं पोर एका बाकावर सापडायची शक्यता तिथं जास्त. कानडी घरी आजी शिकवेल, त्यासाठी तरी सासूबाईंना सोबत आण. भरमसाट फीच्या शाळेत भाषा चार आणि खिसा एकच, असं बऱ्याचदा दिसतं.

खासगी विनाअनुदानित शाळाच घ्यायची ठरली तर मुख्याध्यापकांना एक प्रश्न विचार. शिक्षण हक्क कायद्यानं त्यांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना द्याव्या लागतात. अल्पसंख्याक संस्थांना यातून सूट आहे. तर विचार, ही मुलं कुठल्या तुकडीत बसतात? "सगळ्या तुकड्यांत वाटून" असं उत्तर चटकन आलं तर बरं. उत्तर देताना साहेब खुर्चीत हलले, तर काय ते समज.

शाळा बघायला गेलीस की माहितीपत्रक आणि संगणक कक्ष यांत वेळ घालवू नकोस. पट किती आणि शिक्षक किती, हे विचार. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक हवा, सहावी ते आठवीला 35 मागे एक. नावाजलेल्या शाळांतसुद्धा तुकडी साठाची निघते. मग दुसरीच्या गणिताच्या वह्यांचा गठ्ठा मागून घे. वरच्या दोन-तीन वह्या घेऊ नकोस, त्या पाहुण्यांसाठीच वर ठेवतात, आम्हीही ठेवायचो. मधली एखादी ओढ. वजाबाकी चुकलीय तिथं नुसती लाल फुली आहे, की दशकाच्या घरातून उसना घ्यायचा राहिला हे बाईंनी बारीक अक्षरात शेजारी लिहिलंय? आणि खाली पोरानं ते उदाहरण पुन्हा सोडवलंय का? अशा चार वह्या सापडल्या तर इमारतीचा रंग उडालेला असला तरी चालेल. निघताना मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन ये. पाणी आहे का आणि दाराला आतून कडी लागते का, एवढंच बघ.

आता तुझा रस्ता. सोलापूर म्हणजे दोन मोठ्या महामार्गांचा चौफुला, पुणे-हैदराबाद आणि विजयपूर-धाराशिव. शिवाय मधून रेल्वेचे रूळ, आणि ते ओलांडायला पूल मोजकेच. त्यामुळे इथं किलोमीटर मोजून उपयोग नाही. वाटेत रूळ किती वेळा आडवे येतात आणि ट्रकच्या रांगेत किती वेळ जातो, ते मोजायचं. चिंचोळीला जायला बाळे सगळ्यांत जवळ, सरळ पुणे रोडनं केगाव सोडलं की आलंच. पण बाळ्यात राहायचं तर घर आणि शाळा महामार्गाच्या एकाच अंगाला हव्यात. पोराला रोज तो रस्ता ओलांडायला लावायचा असेल तर बाळ्याचं नाव काढू नकोस. मार्गशीर्षातल्या रविवारी खंडोबाच्या यात्रेनं वाट भरून जाते, पण त्या दिवशी तुला सुट्टीच असणार.

जुळे सोलापूर किंवा सैफुल धरलंस तर गावातून जायचा विचारच करू नकोस. सात रस्ता, स्टेशन, जुना पुणे नाका अशी सकाळची वाट डोकं उठवते. विजापूर रोडनं बाहेर पडून केगाव-हत्तूर बायपास धर. अंतर वाढतं, पण वेळेचा भरवसा राहतो. मात्र दुचाकीवर नाही. बायपासवर ट्रक सुसाट आणि मोकळ्या माळावरचा वारा आडवा. कंपनीची बस तिकडून जाते का हे रुजू व्हायच्या आधीच विचारून घे. जावयांना तिथून नवी पेठ रोज झेपण्याजोगी आहे. आसरा पुलावर गर्दी लागते तेवढी लागेल. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत आणि मिरवणुका असतात तेव्हा पार्क चौकाकडचे रस्ते बंद होतात, तेव्हा त्यांनी अर्धा तास आधी निघावं. पुण्यात राहून आलेल्यांना हे काही जड नाही.

पाण्याचं विसरलीस का गं? पुण्याची सवय लागली तुला. उजनी धरण भरलेलं असलं तरी इथं नळ काही दिवसांआड येतो. घर बघताना घरमालकाला विचारू नकोस, शेजारणीला विचार: पाणी किती दिवसांआड, किती वाजता, किती वेळ, आणि हौद केवढा. रात्री एकला पाणी सुटणाऱ्या भागात सकाळी सातची बस पकडणाऱ्या बाईचे काय हाल होतात ते मी पाहिलेत. पुढे विकत घ्यायची वेळ आली तर उतारा, बांधकाम परवाना आणि गुंठेवारीचा प्लॉट आहे का, हे वकिलाला दाखव. त्यातलं मला फारसं कळत नाही.

माझं मत विचारशील तर तुमच्या घराला जुळे सोलापूर ते सैफुल हा पट्टा बरा. सासूबाईंना कानडी कानावर पडेल, लेकीला चालत शाळा मिळेल, आणि रोजची लांबची वाट एकटी तू सोसशील. बाळे तुझ्या सोयीचं आहे, घराच्या नाही. पण तुझी कामाची पाळी रात्रीची असेल तर हे सगळं उलटं धर. मध्यरात्री बायपासनं येण्यापेक्षा बाळे शंभर पटीनं बरं. पाळीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, ते कळव.

शाळांकडे फॉर्म कधी निघतात ते आत्ताच फोन करून विचार. चांगल्या तुकड्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच भरतात. पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, तेवढं लेकीच्या जन्मतारखेशी ताडून बघ. जन्मदाखला, तिघांची आधार कार्डं आणि बालवाडीचा दाखला यांच्या प्रती काढून ठेव. जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एका अक्षरानंही वेगळं नको, नाहीतर दुरुस्तीतच मे महिना जाईल.

तुझ्या बाई