कागदावर फक्त ‘डोकेदुखी’ उरते

ताई, तुम्ही विचारलंय की यजमान सैन्यात हवालदार आहेत, दीड वर्षापूर्वी सरावात गाडी उलटली, सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि आता सुट्टीवर आले तर नावं विसरतात, उजेड सहन होत नाही, पोरांवर खेकसतात. तेव्हाचा कागद कुठे मिळेल आणि बाहेरच्या सैन्यांत डोक्याच्या अशा माराची नोंद कशी ठेवतात?

मी एएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय दलात, नर्सिंग असिस्टंट होतो, आता कामठीला राहतो. आधी माझीच चूक सांगतो. असाच एक जवान उलटलेल्या गाडीतून चालत एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, आला. ‘सब ठीक है, उस्ताद’ म्हणाला. पाच मिनिटांत तीनदा विचारलं, ‘मेरी टोपी कहाँ है?’ टोपी त्याच्या डोक्यावरच होती. आम्ही हसलो. पॅरासिटामॉल दिली, रजिस्टरमध्ये ‘डोकेदुखी’ लिहिलं आणि त्याला ड्युटीवर पाठवलं. बऱ्याच वर्षांनी त्याच्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या वैद्यकीय तपासणीच्या, वेळी तेवढा एकच शब्द सापडला. माझ्याच अक्षरातला.

सीटी नॉर्मल आला म्हणजे मेंदूला काही झालं नाही, असं नसतं. सीटीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. कन्कशन, म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूचं काम बिघडणं, बहुतेक वेळा दिसतच नाही. आणि अशा माराला डॉक्टर ‘माइल्ड’ (सौम्य) म्हणतात, तो शब्द आजच्या त्रासाचा नाही, त्या दिवशीच्या अवस्थेचा आहे: शुद्ध गेली तर अर्ध्या तासाच्या आत परत आली, आठवणीतला गोंधळ 24 तासांच्या आत संपला, ग्लासगो स्कोअर (शुद्धीचं मोजमाप, पूर्ण शुद्धीला 15) 13 ते 15. म्हणून त्या दिवशीचं कोणी लिहिलं नसेल तर नंतर ठरवायचं कशावरून?

अमेरिकन सैन्याने हे ठेच लागूनच शिकलं. 2010 मध्ये त्यांनी नियम केला, की स्फोटापासून 50 मीटरच्या आत असलेल्या किंवा उलटलेल्या गाडीत असलेल्या सैनिकाची तपासणी व्हायचीच, तो तक्रार करो वा न करो, आणि किमान 24 तास विश्रांती. तपासणीही साधी: पाच शब्द लक्षात ठेवायला सांगतात, महिने उलटे म्हणायला लावतात, थोड्या वेळाने तेच पाच शब्द विचारतात. 2000 पासून त्यांच्याकडे मेंदूला मार लागलेल्या साडेचार लाखांवर सैनिकांची नोंद झाली, त्यातल्या पाचांत चार माइल्ड, आणि बहुतेक रणांगणावर नाही तर सराव, गाड्यांचे अपघात, पडणं, खेळ यांत. तरीही 8 जानेवारी 2020 ला इराकमधल्या अल असद तळावर इराणी क्षेपणास्त्रं पडली तेव्हा आधी ‘कोणालाही इजा नाही’ म्हणाले. मग मेंदूला मार लागलेले 11, मग 34, मग 50, शेवटी शंभराच्या वर. नवा हल्ला झालाच नव्हता. डोकं दुखतंय म्हणत एकेक जण पुढे येत गेला.

आता तुमचं. सुट्टी संपायच्या आत त्यांच्याकडून अपघाताची तारीख, जागा, गाडीत कोण कोण होतं, डोकं कशावर आपटलं, मधलं काय आठवत नाही, हे लिहून घ्या. सोबतच्या दोघातिघांकडून आजच सहीनिशी चार ओळी मागवा. पोरं पोस्टिंगवर पांगली की कोण कुठे सापडतं बाप्पा! युनिटकडे इंज्युरी रिपोर्ट झाला होता का, हे लेखी विचारायला लावा, आणि एमआय रूमच्या नोंदीची व सीटीच्या रिपोर्टची प्रत मागा. त्रास ड्युटीमुळे झाला की नाही, हा प्रश्न बोर्डापुढे येतो तेव्हा हेच कागद लागतात.

उपचाराचं म्हणाल तर कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखवा आणि न्यूरोलॉजीकडे रेफर मागा. स्मरणशक्तीची चाचणी आणि कानाची तपासणी आवर्जून मागा. चिडचिड मेंदूच्या माराची की मनावरच्या आघाताची, हे घरी ठरवू नका. दोन्ही एकत्रही असतात. दारू घेत असतील तर बंद. फिट आली, उलट्या थांबेनात, हातापायाची एक बाजू लुळी पडली तर ओपीडीची वाट पाहू नका, थेट कॅज्युअल्टी.

‘कॅटेगरी (सैन्यातली वैद्यकीय श्रेणी) खाली जाईल, प्रमोशन अडकेल’ म्हणून ते नाही म्हणतील. सगळेच म्हणतात. भीती खोटीही नाही, कॅटेगरी खाली जाऊ शकते. पण दुसऱ्यांदा डोक्याला मार लागला आणि पहिल्याची नोंदच नसेल, तर मात्र अवघड आहे. त्यांना वाटलं तर माझ्याशी बोलायला सांगा, संध्याकाळी मी घरीच असतो.